दिव्यांगत्वाच्या लाभांसाठी अर्ज करण्यापूर्वी : राहनाळ परिसरातील कुटुंबांसाठी एक अभ्यासलेख

रुग्ण बरा होऊन घरी गेला की रुग्णालयाचे कर्तव्य संपले, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु ज्याचा हात यंत्रात गेला, ज्याची एक बाजू पक्षाघाताने लुळी पडली, किंवा ज्या बालकाला जन्मतःच ऐकू येत नाही, त्याच्या कुटुंबाच्या खऱ्या अडचणी टाके काढल्यानंतर सुरू होतात. मिळवता हात थांबतो, औषधांचा खर्च मात्र थांबत नाही. अशा वेळी शासनाने कायद्याने देऊ केलेले साहाय्य हा त्या घराचा मोठा आधार ठरू शकतो. हे साहाय्य पात्र माणसापर्यंत पोहोचत नाही, याचे कारण पुष्कळदा पात्रतेचा अभाव हे नसून तयारीचा अभाव हे असते. एखादा कागद कमी पडतो, नावातील एखादे अक्षर चुकते, अर्ज भलत्याच कार्यालयात जातो. आणि रोजंदारी बुडवून आलेला माणूस तीन-चार खेपांनंतर नाद सोडून देतो.

आमच्या समाजसेवा विभागाकडे याविषयी सातत्याने विचारणा होत असते. म्हणून यंदाच्या अहवालात ही माहिती क्रमवार मांडण्याचे आम्ही योजिले आहे. रुग्णांच्या नातेवाइकांना ती प्रत्यक्ष उपयोगी पडावी, आणि देणगीदार व विश्वस्त मंडळींना या कामाचे स्वरूप समजावे, असा यामागे दुहेरी हेतू आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

आपल्या देशात अपंग व्यक्तींच्या हक्कांचा पहिला व्यापक कायदा १९९५ साली झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार मान्य करण्यात आले होते. त्याची जागा घेणारा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. नव्या कायद्याने प्रकारांची संख्या २१ वर नेली. अंधत्व, अल्पदृष्टी, कर्णबधिरत्व, अस्थिव्यंग, बौद्धिक अक्षमता व मानसिक आजार यांच्या जोडीला स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, स्नायूंचा ऱ्हास, बुटकेपणा, आम्लहल्ल्याने आलेली विद्रूपता, कंपवात, तसेच थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल हे रक्ताचे विकारही आता या कायद्याच्या कक्षेत येतात. आपल्या घरातील दुखणे ‘अपंगत्वात मोडत नाही’ असे जुन्या ऐकीव माहितीवरून ठरवून बसलेल्या कुटुंबांनी ही यादी एकदा अवश्य तपासावी.

महाराष्ट्रात ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांग कल्याण विभाग स्वतंत्रपणे स्थापन झाला. तथापि सामान्य कुटुंबाचा संबंध मंत्रालयाशी येत नाही. तो येतो गावच्या ग्रामपंचायतीशी, तहसील कार्यालयाशी आणि सरकारी रुग्णालयाशी. म्हणून कोणते काम कोठे होते हे प्रथम पाहू.

कोणत्या कामासाठी कोणते कार्यालय

राहनाळच्या रहिवाशांचा पहिला गोंधळ येथेच होतो. अंजूरफाटा आणि भिवंडी रोड रेल्वे स्थानक जवळ, बाजारहाट भिवंडीत, पत्त्यातही ‘भिवंडी’ लिहिलेले. त्यामुळे अनेकजण थेट भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेत जातात. परंतु राहनाळ हे भिवंडी तालुक्यातील स्वतंत्र ग्रामपंचायतीचे गाव आहे. महानगरपालिका दिव्यांगांसाठी ज्या योजना राबविते त्या तिच्या हद्दीतील रहिवाशांसाठी असतात. काल्हेर, कशेळी, पूर्णा या गावांतील कुटुंबांनाही हीच गोष्ट लागू आहे.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार शासनाने अधिसूचित केलेल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्यालाच आहे. आमच्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाने दिलेला दाखला कितीही तपशीलवार असला तरी तो या प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही. तो केवळ पूरक पुरावा ठरतो. मासिक अनुदानाचा अर्ज भिवंडीच्या तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेकडे जातो. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात व त्यासाठी तलाठ्यांचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांचा, अहवाल लागतो. हा अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून करता येतो. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवावयाची असते. तिच्यासाठी अर्ज ग्रामपंचायतीकडेच करावा लागतो. जिल्हा परिषदेच्या योजनांची चौकशी भिवंडी पंचायत समितीत करावी.

थोडक्यात सांगावयाचे तर प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातून, अनुदान तहसीलमधून आणि स्थानिक निधी ग्रामपंचायतीतून. या तिन्ही वाटा वेगळ्या असल्या तरी पहिली पार केल्यावाचून उरलेल्या दोन सहसा उघडत नाहीत.

पहिली पायरी : प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र

१ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र केंद्र शासनाच्या स्वावलंबन या संकेतस्थळामार्फतच देणे बंधनकारक झाले आहे. अर्ज मंजूर झाल्यावर प्रमाणपत्राबरोबर यूडीआयडी या नावाने ओळखले जाणारे वैश्विक ओळखपत्र मिळते व ते संपूर्ण भारतात ग्राह्य धरले जाते. या अर्जासाठी शासनाचे कोणतेही शुल्क नाही. पूर्वीचे हस्तलिखित प्रमाणपत्र ज्यांच्यापाशी आहे त्यांनीही नोंदणी करून हे ओळखपत्र मिळवावे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली. तिच्यानुसार रहिवासाच्या पुराव्यावर जो जिल्हा असेल तेथील प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो आणि अर्जावर तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित आहे. ओळखपत्रांना रंगही ठरवून दिले आहेत. ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्वास पांढरे, ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान पिवळे आणि ८० टक्के वा अधिक असल्यास निळे. ज्या कामगार कुटुंबांच्या आधारपत्रावर अद्याप मूळ गावचा पत्ता आहे, त्यांनी ही दुरुस्ती नीट ध्यानात घ्यावी. येथे राहून येथेच तपासणी करून घ्यावयाची असेल तर पत्त्याचा पुरावा आधी ठाणे जिल्ह्याचा करून घेणे आवश्यक आहे. हे काम अर्जानंतर नव्हे, अर्जापूर्वी करावयाचे असते.

तपासणीची योग्य वेळ

अपघात किंवा आजार झाल्याबरोबर प्रमाणपत्र मिळावे अशी कुटुंबाची स्वाभाविक इच्छा असते. परंतु मंडळ आजाराची तीव्रता मोजत नाही. उपचारानंतर शरीरात किंवा मनात जे कायमचे उणेपण उरले त्याचे ते मोजमाप करते. म्हणून पक्षाघातासारख्या मज्जासंस्थेच्या विकारांत सामान्यतः सहा महिने उलटल्यावर मूल्यमापन करतात. या अवधीत व्यायामोपचाराने पुष्कळ सुधारणा होऊ शकते आणि ती व्हावी हीच सर्वांची इच्छा असते. ‘सुधारणा झाली तर टक्के कमी होतील’ या भीतीने व्यायाम टाळणारी माणसेही असतात. त्यांना आमचे कळकळीचे सांगणे आहे की, कोणतेही अनुदान चालत्या पायाची बरोबरी करू शकत नाही.

हा काळ वाया जाऊ द्यावयाचा नसेल तर याच महिन्यांत उत्पन्नाचा दाखला, नावातील दुरुस्त्या, बँक खात्याला आधार जोडणे ही कामे उरकून घ्यावीत. शिवाय संजय गांधी निराधार अनुदान योजनेत पक्षाघात, क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग यांसारख्या आजारांमुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अद्याप हाती नसलेल्या रुग्णांनी तिची चौकशी अवश्य करावी. मात्र तेथे उत्पन्नाची मर्यादा अधिक कडक आहे.

मंडळासमोर जाताना

नेमलेल्या दिवशी मूळ कागदपत्रे तारखेच्या क्रमाने लावून न्यावीत : रुग्णालयातून सोडल्याचे कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद, क्ष-किरण चित्रे, अहवाल व सध्या चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी. आजार वा अपघात केव्हा झाला, त्याचे निदान काय आणि आजची स्थिती काय, या तीन गोष्टी डॉक्टरांनी एकाच पानावर सुवाच्य अक्षरांत लिहून द्याव्यात, अशी विनंती नातेवाइकांनी निःसंकोच करावी. कुबड्या, कॅलिपर, चष्मा, श्रवणयंत्र जे वापरात असेल ते बरोबर ठेवावे. लहान बालकाच्या श्रवणदोषासाठी बेरा ही तपासणी लागते. ती सर्वत्र होत नसल्याने तिची वेळ आधी ठरवून घ्यावी.

मानसिक आजाराच्या बाबतीत एक गोष्ट विशेषत्वाने सांगणे अगत्याचे आहे. त्याच्या मूल्यमापनात रुग्ण स्वतःची देखभाल कितपत करतो, इतरांशी कसा वागतो, संवाद साधतो काय आणि काम करू शकतो काय, हे चार भाग पाहिले जातात. आजार किती काळापासून आहे हेही विचारात घेतात. ही माहिती मुख्यतः घरची माणसेच देऊ शकतात. परंतु लोकलज्जेस्तव घरचे लोक नेमके तेच झाकून ठेवतात. ‘तसा तो शांत असतो, सांगितले की ऐकतो’ असे आई सांगते. आणि त्याला आंघोळीसाठी दररोज तीनदा उठवावे लागते, हे सांगावयाचे राहून जाते. यात वाढवून सांगण्याचा प्रश्नच नाही. जे रोज घडते ते जसेच्या तसे सांगावे. जाण्यापूर्वी आठवडाभराच्या दिनक्रमाचे टिपण करून ठेवल्यास ऐनवेळी काही विसरत नाही.

बौद्धिक अक्षमता असलेल्या बालकांना आरंभी मिळणारे प्रमाणपत्र मुदतीचे असते. वयाच्या पाचव्या, दहाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी होते. मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर नव्हे तर शिधापत्रिकेच्या पाकिटावर लिहून ठेवावी, कारण कॅलेंडर दरवर्षी बदलते.

चाळीस टक्क्यांची रेषा

बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आवश्यक आहे. ही रेषा अनेकांच्या पदरी निराशा आणते, म्हणून तिचे स्वरूप आधीच समजून घेतलेले बरे. एक डोळा पूर्णपणे निकामी झाला, पण दुसऱ्याची दृष्टी चांगली असेल तर केंद्र शासनाच्या निकषांनुसार दिव्यांगत्व ३० टक्के भरते. हाताचा अंगठा गेला तरी केवळ तेवढ्याने ४० टक्के होत नाहीत. यंत्रमागाच्या कारागिराला अंगठ्यावाचून गाठ मारता येत नाही आणि त्याचा धंदा बुडतो हे खरे. पण मंडळ शरीराचे उणेपण मोजते, त्याच्या व्यवसायाचे नुकसान मोजत नाही. एकापेक्षा अधिक व्यंगे असतील तर त्यांची सरळ बेरीजही होत नाही. त्यासाठी ठरावीक सूत्र वापरतात.

अशा कामगाराने दुसरी वाट पाहावी. कामावर असताना झालेल्या अपघाताची भरपाई हा संपूर्णपणे निराळा विषय आहे. तेथे उत्पन्न मिळविण्याची क्षमता किती घटली हे पाहिले जाते व त्यास ४० टक्क्यांची अट नाही. कामगार राज्य विमा योजनेत त्याची नोंद असेल तर लाभ तेथून मिळतो, नसेल तर मालकाकडून भरपाई मागता येते. या दाव्यांना मुदत असते. म्हणून अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण व प्रसंग यांची नोंद पहिल्याच दिवशी रुग्णालयाच्या कागदावर बिनचूक व्हावी. ‘घरी पडला’ अशी नोंद कोणाच्या सांगण्यावरून करून घेतल्यास पुढे ती बदलणे फार कठीण जाते. आमच्या अपघात विभागात रुग्णाने स्वतः सांगितलेलाच प्रसंग नोंदविण्याचा नियम याच कारणासाठी आहे.

टक्केवारी वाढवून देतो असे सांगणारे दलाल सर्वत्र भेटतात. खोट्या मार्गाने दिव्यांगांचे लाभ मिळविणाऱ्यास २०१६ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. दलाल पैसे घेऊन निघून जातो. सही मात्र अर्जदाराची असते.

दुसरी पायरी : मासिक अनुदान

राज्य शासनाची संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालापासून चालू आहे. दिव्यांग लाभार्थ्यांना तिच्यातून दरमहा १,५०० रुपये मिळत असत; ऑक्टोबर २०२५ पासून ही रक्कम २,५०० रुपये करण्यात आली. अर्जदार १८ ते ६५ वर्षे वयाचा, किमान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी व किमान ४० टक्के दिव्यांग असावा आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असावे, अशा तिच्या ठळक अटी आहेत. याखेरीज ८० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालील १८ ते ७९ वर्षांच्या व्यक्तींसाठी केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजना आहे. दोन्हींची चौकशी तहसील कार्यालयातील एकाच शाखेत होते.

वर्षाला ५०,००० म्हणजे दिवसाला सुमारे १३७ रुपये. घरात एकही कमावता माणूस असेल तर एवढ्या उत्पन्नात बसणे अवघड, हे आम्ही जाणतो. ज्या घरातील कर्ता पुरुषच अंथरुणाला खिळला, त्या घराने मात्र एक दक्षता घ्यावी. उत्पन्नाच्या दाखल्यात त्याचे पूर्वीचे उत्पन्न तसेच धरले जाण्याची शक्यता असते. म्हणून काम कोणत्या तारखेपासून बंद झाले हे दर्शविणारा रुग्णालयाचा कागद तलाठ्यांकडे अर्जासोबत द्यावा. हाच उत्पन्नाचा दाखला धर्मादाय रुग्णालयातील सवलतीसाठीही उपयोगी पडतो. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार आमच्यासारख्या रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात. एका दाखल्याने दोन कामे होत असतील तर तो आधी काढावा, हे ओघाने आलेच.

पंधरा वर्षांच्या रहिवासाची अट आपल्या परिसरात विशेष महत्त्वाची आहे. यंत्रमाग आणि गोदामांच्या कामासाठी परप्रांतांतून आलेली पुष्कळ कुटुंबे येथे भाड्याने राहतात. भाडेकरार दर अकरा महिन्यांनी बदलतो, जुना मालक भेटत नाही आणि वास्तव्याचा सलग पुरावा मागितला की ती गडबडून जातात. मुलांच्या शाळेतील प्रवेशाची नोंद, जुनी शिधापत्रिका, मतदारयादीतील नाव, लसीकरणाचे कार्ड, जुन्या तारखेचे बँक पासबुक हे सारे येथे पुरावे म्हणून पुढे ठेवता येतात. तेव्हा जुना कागद रद्दीत घालू नये. ज्यांची पंधरा वर्षे भरत नाहीत त्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी : ही अट अनुदानासाठी आहे, प्रमाणपत्रासाठी नाही. यूडीआयडी ओळखपत्र देशभर चालत असल्याने ते काढून ठेवल्यास मूळ राज्यातील योजनांसाठीही त्याचा उपयोग होतो.

कागदपत्रांची पिशवी

आम्ही नातेवाइकांना एकच पिशवी करावयास सांगतो व तिच्यात पुढील कागद याच क्रमाने लावावयास सांगतो :

१. यूडीआयडी ओळखपत्र व दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र
२. आधारपत्र
३. शिधापत्रिका (पहिले व शेवटचे पान धरून सर्व पाने)
४. वयाचा पुरावा : जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला
५. रहिवासाचा दाखला व वास्तव्याचे जुने पुरावे
६. चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला
७. आधार जोडलेल्या बँक खात्याच्या पासबुकाचे पहिले पान
८. पासपोर्ट आकाराची सहा छायाचित्रे
९. उपचाराचे मुख्य कागद

प्रत्येकाच्या तीन छायाप्रती काढून त्यांवर अर्जदाराने स्वतः सही किंवा अंगठा करावा. मूळ प्रत केवळ पडताळणीसाठी दाखवावी व लगेच परत घ्यावी.

आता नावाविषयी. शिधापत्रिकेवर ‘महादू’, आधारवर ‘महादेव’ आणि बँकेत केवळ आद्याक्षरे. विवाहित स्त्रीचे शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव व इतरत्र सासरचे. उर्दू, तेलुगू किंवा हिंदी भाषक कुटुंबांत एकाच नावाचे तीन कागदांवर तीन उच्चार. माणसांना हा फरक क्षुल्लक वाटतो, परंतु रक्कम आता संगणकामार्फत थेट खात्यात जमा होते आणि संगणकाला महादू व महादेव ही दोन माणसे दिसतात. म्हणून अर्जापूर्वी सर्व कागद शेजारी ठेवून नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, आडनाव व जन्मतारीख अक्षरशः ताडून पाहावी. आधारवरील नाव प्रमाण मानून बाकीचे त्याप्रमाणे करून घ्यावे. आधारवरचेच चुकीचे असेल तर सर्वप्रथम तेच दुरुस्त करावे. यूडीआयडीचा अर्ज या दुरुस्तीनंतर भरल्यास पुढील अर्धा त्रास वाचतो.

कार्यालयात गेल्यावर

अर्ज दिल्यावर पोच घेतल्यावाचून परत येऊ नये. पोच म्हणजे तारीख, शिक्का व आवक क्रमांक. तोंडी ‘ठेवून जा’ म्हटले तर नम्रपणे दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागावा. कागद कमी असल्याचे सांगितले तर कोणता कागद, हे लिहून घ्यावे. एका वहीत प्रत्येक भेटीची तारीख, भेटलेल्या कर्मचाऱ्याचे पद व मिळालेले उत्तर नोंदवावे. अशी वही हाती असलेल्या माणसाशी कोणीही अधिक नेमकेपणाने बोलते, असा आमच्या विभागाचा अनुभव आहे. शक्यतो रुग्णाला प्रत्येक खेपेस नेऊ नये. ज्या दिवशी त्याची उपस्थिती आवश्यक असेल तेवढाच दिवस त्याला न्यावे. येण्याजाण्यासाठी राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या साध्या गाड्यांत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे.

कर्मचाऱ्यांशी वागताना दोन टोके टाळावीत. कोणी उगाच लाचार होतो, कोणी पहिल्याच भेटीत आवाज चढवितो. आपण मागत आहोत ते दान नसून कायद्याने ठरलेले साहाय्य आहे, याची जाणीव ठेवून पण सौजन्याने बोलावे.

अर्ज नामंजूर झाल्यास

नकार लेखी व कारणासह मागावा. कारण कळले की निम्मे उत्तर मिळते. कागद कमी असेल तर तो जोडून पुन्हा अर्ज करता येतो. टक्केवारीविषयी तक्रार असेल तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ अन्वये अपील करता येते. मात्र अपील करण्यापूर्वी टक्केवारी खरोखरच निकषांना सोडून आहे काय, हे आपल्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. केवळ ४० ला थोडे कमी पडले एवढ्यावरून अपील टिकत नाही. अर्ज दीर्घकाळ पडून राहिला तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली त्याची स्थिती विचारता येते; साधारणतः ३० दिवसांत उत्तर मिळावयास हवे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ नुसार दिव्यांग व्यक्तीस उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेविषयक साहाय्य मिळू शकते. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यासाठी अर्ज करावा. हा हक्क फारच थोड्यांना ठाऊक असतो.

अठरावे वर्ष आणि त्यापुढे

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा बहुविकलांगता असलेले मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान ठरते. आईवडिलांची सही त्याच्यासाठी आपोआप चालत नाही. बँक खाते, अनुदान, वारसाहक्क असे सारे प्रश्न मग उभे राहतात. यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालकत्व मिळवावे लागते. याच न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारखर्चास साहाय्य करते. सतरावे वर्ष लागताच ही तयारी सुरू करावी. ‘आमच्या पश्चात याचे काय?’ हा प्रश्न प्रत्येक आईच्या मनात असतो. त्याचे पूर्ण उत्तर कोणापाशीच नाही, परंतु पालकत्वाचा आदेश हा त्या उत्तराचा आरंभ आहे.

अनुदान मंजूर झाल्यावरही काम संपत नाही. वर्षातून एकदा हयात असल्याची पडताळणी करावी लागते. ती न केल्यास रक्कम थांबते. बँकेचे खाते बराच काळ वापरले नाही तर तेही निष्क्रिय होते. मुदतीचे प्रमाणपत्र असेल तर मुदत संपण्याच्या तीन-चार महिने आधी फेरतपासणीसाठी नोंदणी करावी.

विश्वस्त व देणगीदार यांस निवेदन

शस्त्रक्रियेसाठी, यंत्रासाठी, खाटेसाठी देणगी मिळते; तिच्यावर नावाची पाटी लावता येते. अर्ज भरून देणाऱ्या, सेवा केंद्राच्या रांगेत रुग्णाच्या मुलाबरोबर उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्यासाठी मात्र सहसा कोणी देणगी देत नाही. तथापि हिशेब मांडून पाहावा. एका दिव्यांग व्यक्तीचे अनुदान मार्गी लागले तर आजच्या दराने त्या घरात वर्षाला ३०,००० रुपये येतात आणि पात्रता टिकून असेपर्यंत दरवर्षी येत राहतात. एवढे साहाय्य प्रत्येक कुटुंबास दरसाल स्वतःच्या निधीतून देणे कोणत्याही न्यासास शक्य नाही. ते मिळवून देण्याची व्यवस्था करणे मात्र शक्य आहे. त्यासाठी लागते ते एक टेबल, एक छायाप्रती यंत्र, काही भाषा जाणणारा एक जिव्हाळ्याचा माणूस आणि रुग्णाच्या प्रवासासाठी थोडी रक्कम.

आमची या निमित्ताने एवढीच विनंती आहे की, रुग्णालयाच्या आगामी अंदाजपत्रकात समाजसेवा विभागाच्या या कामाला स्वतंत्र शीर्षक मिळावे. वाचकांपैकी जे निवृत्त कारकून, शिक्षक, बँक कर्मचारी असतील त्यांनी आठवड्यातून एक सकाळ देण्याचे मनावर घेतले तर तीही मोलाची देणगीच ठरेल. ज्या कुटुंबांनी या पायऱ्या स्वतः पार केल्या आहेत त्यांनी आपल्या शेजारच्या एका कुटुंबाला हाताशी धरावे. योजनांच्या रकमा व अटी वेळोवेळी बदलतात. अर्ज करण्यापूर्वी तहसील कार्यालयात किंवा आमच्या समाजसेवा विभागात त्यांची खातरजमा करून घ्यावी. विभागाचा दरवाजा बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत सर्वांसाठी उघडा असतो, आणि या मार्गदर्शनासाठी कोणतेही शुल्क आकारले जात नाही.